पडद्यावरचा हार्ट ॲटॅक आणि आपला

हिंदी सिनेमातल्या वडिलांना हृदयविकाराचा झटका कसा येतो, हे आपल्या सर्वांना पाठ आहे. मुलगी घर सोडून गेल्याची चिठ्ठी हातात पडते किंवा गिरणीला आग लागल्याचा फोन येतो. डोळे विस्फारतात, हात छातीच्या डाव्या बाजूला जातो, पाठीमागे व्हायोलिनचा कल्लोळ होतो आणि वडील जिन्यावरून गडगडत खाली येतात. मग डॉक्टर काळी बॅग घेऊन येतात, नाडी पाहतात, चष्मा काढतात आणि "आता दवा नाही, दुवा" असे काहीसे बोलून निघून जातात. आमच्या धंद्याला इतकी स्वस्त फी दुसरीकडे कुठे मिळत नसेल!

वाचकहो, गंमत सोडली तर यात एक गंभीर गोष्ट आहे. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीचे वैद्यकीय शिक्षण बरेचसे सिनेमाच्या थिएटरात झाले आहे. झटका म्हणजे डाव्या बाजूला भयंकर कळ, झटका म्हणजे खाली कोसळणे, हे चित्र डोक्यात पक्के बसले आहे. त्यामुळे खरा झटका शांतपणे, खुर्चीत बसल्या बसल्या येतो, तेव्हा तो ओळखूच येत नाही.

आमच्या पार्क मैदानाच्या, म्हणजे आताच्या इंदिरा गांधी स्टेडियमच्या परिसरात संध्याकाळी फिरणाऱ्यांचा एक कंपू आहे. एक निवृत्त मास्तर, एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब, मिलमध्ये जॉबर असलेले अण्णा आणि आणखी चारपाच जण. मिल बंद पडून कैक वर्षे झाली, पण अण्णांचा आवाज अजून मागांच्या खडखडाटावर मात करण्याइतका आहे. हे लोक दोन फेऱ्या मारतात आणि चार फेऱ्यांइतके बोलतात. विषय दोनच, जुने क्रिकेट आणि जुने सिनेमे. मी पन्नाशी ओलांडली तरी त्यांच्या लेखी पोरगाच. "डॉक्टर, तुम्ही तेव्हा पाळण्यात होता," हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो.

त्यांचा कायमचा वाद म्हणजे 1971 हे साल कोणाचे? मास्तर म्हणतात वाडेकरांचे. मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजला त्यांच्याच देशात प्रथमच हरवले, ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडला हरवले आणि गावसकरने पहिल्याच मालिकेत 774 धावा ठोकल्या. अण्णा म्हणतात राजेश खन्नाचे, कारण 'आनंद' त्याच मार्चमध्ये आला. "काय बोलूलालास बे मास्तर, त्या 774 मध्ये कोण रडलं का? आनंदमध्ये सगळं थेटर रडत होतं!" यावर बँकवाले साहेब पॉली उम्रीगरांना मध्ये आणतात. उम्रीगर 1926 साली आपल्या सोलापुरात जन्मले आणि कसोटीत द्विशतक करणारे पहिले भारतीय ठरले. 1955 साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी 223 धावा केल्या. हे साहेब इतक्यांदा सांगतात की आता ते बोलू लागले की बाकीचे कोरसमध्ये "दोनशे तेवीस" म्हणतात.

याच साहेबांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतो. 29 जून 2024, वीस षटकांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. सगळा कंपू मास्तरांच्या घरी जमला होता. समोर भजी, शेंगा आणि चहाचा थर्मास. रात्री अकराच्या सुमारास क्लासेनने अक्षर पटेलच्या एका षटकात मार सुरू केला आणि सामना हातातून जातो की काय असे झाले. त्या सुमारास साहेबांच्या छातीत मधोमध जडपणा आला. कळ नव्हतीच. "दगड ठेवल्यासारखं" असे ते नंतर म्हणाले. जबडा थोडा आवळल्यासारखा झाला. त्यांनी सोडा मागितला. "गॅस झालाय, भजी बाधली." अण्णा म्हणाले, "क्लासेन बाधला म्हणा की ओ!" सगळे हसले. साहेबही हसले.

मास्तर मात्र टीव्ही सोडून साहेबांच्या कपाळाकडे बघत होते. डोक्यावर पंखा पूर्ण वेगात आणि कपाळ घामाने डबडबलेले. चाळीस वर्षे वर्गात पोरांचे चेहरे वाचल्याचा हा फायदा. त्यांनी मला फोन केला. साहेब मागून ओरडत होते, "अहो, पाच ओव्हर राहिल्यात, संपल्यावर बघू!" आणि कोणीतरी म्हणाले, "काही नाही डॉक्टर, ते तर बोलतायत, हसतायत. ॲटॅक असता तर आडवे नसते का झाले?" हे ते सिनेमाचे शिक्षण.

साहेबांना अठरा वर्षांचा मधुमेह आहे हे मला माहीत होते. मधुमेहात नसा बोथट होतात, त्यामुळे हृदयाची वेदना सौम्य असते किंवा मुळीच नसते. नुसता घाम, दम, मळमळ किंवा अचानक आलेला गळाठा एवढेच दिसते. मी म्हटले, एक पाऊलही चालवू नका, जिना उतरवू नका, खुर्चीसकट उचला आणि जिथे ईसीजी आणि हृदयाची सोय आहे तिथे थेट न्या. माझ्या दवाखान्यात आणू नका. रक्तस्रावाचा त्रास नाही, ॲलर्जी नाही, हे विचारून 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला लावली. रुग्णालयात काही मिनिटांत ईसीजी निघाला. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मुख्य रक्तवाहिनी बंद होती. रात्रीच अँजिओप्लास्टी होऊन ती उघडली गेली. सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला तो झेल साहेबांनी दोन दिवसांनी मोबाईलवर पाहिला, आणि मास्तरांवर त्याबद्दल त्यांचा थोडा रागच आहे.

आता यातले नेमके काय लक्षात ठेवायचे ते जरा तपशिलात सांगतो, कारण इथेच जीव वाचतो किंवा जातो.

हृदय छातीच्या मधोमध, किंचित डावीकडे असते, पण त्याची वेदना डाव्या कोपऱ्यात बोटाने दाखवता येईल अशी बहुधा नसते. रुग्ण बोट दाखवत नाही, पूर्ण तळवा किंवा मूठ छातीच्या मध्यावर ठेवतो. दाब, आवळ, जळजळ, ओझे, असे शब्द वापरतो. हे खांद्यात, एका किंवा दोन्ही हातांत, मानेत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात पसरते. पोटात असले की त्याला गॅस म्हणतात. आपल्या भागात या 'गॅस'ने किती माणसे नेली याची कुठे नोंद नसेल, कारण दाखल्यावर तसे लिहीत नाहीत. चाळिशीपुढच्या माणसाला, त्यातही मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घराण्यात हृदयविकार असेल तर, पंधरा-वीस मिनिटे असा त्रास टिकला आणि सोबत घाम असला, तर ईसीजी होईपर्यंत तो गॅस नाही असेच धरून चालावे. बायकांत तर नुसता थकवा, धाप आणि मळमळ एवढ्यावरही हे भागते, आणि "दिवसभर काम झालंय" म्हणून त्या झोपायला जातात.

रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्या पुढचा हृदयाचा स्नायू मरू लागतो. पहिल्या एक-दोन तासांत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळाले किंवा फुग्याने वाहिनी उघडली तर बराचसा स्नायू वाचतो. बारा तासांनंतर त्या इंजेक्शनाचा उपयोग फारसा राहत नाही. म्हणून स्वतः मोटारसायकल चालवत जाणे, आधी मेव्हण्याला फोन करणे, सोडा पिऊन वाट बघणे, हे सगळे स्नायू खर्ची घालून केलेले उद्योग आहेत. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे. तो नंबर आजोबांच्या मोबाईलमध्ये नातवाकडून घालून घ्यावा. जिभेखाली ठेवायची गोळी मात्र शेजाऱ्याच्या डब्यातली घेऊ नये. तिने रक्तदाब एकदम कोसळू शकतो, आणि पुरुषांनी 'त्या' ताकदीच्या गोळ्या घेतल्या असतील तर फारच धोका असतो. त्या गोळ्या घेणारे डॉक्टरला सांगत नाहीत, म्हणून मीच इथे सांगून ठेवतो.

सामन्याच्या ताणाने झटका येतो का, असे कंपूने मला विचारले. येतो. 2006 साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला तेव्हा म्युनिक शहर आणि परिसरातल्या डॉक्टरांनी हिशेब ठेवला. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या अडीचपटीहून जास्त निघाले, पुरुषांत तर तिपटीहून जास्त. सर्वाधिक रुग्ण सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांतले होते. ज्यांना आधीच हृदयविकार होता त्यांना धोका अधिक. उत्तेजनाने ॲड्रेनलिन वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतो, रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटायला निमित्त मिळते. त्यात जागरण, विड्या-सिगारेटी, तळलेले, खारवलेले आणि सामन्याच्या नादात राहून गेलेली रात्रीची गोळी. ताण हे निमित्त, दारूगोळा वर्षानुवर्षांचा.

हे ऐकून अण्णा म्हणाले, "म्हणजे खेळणारे सुटले, बघणारे मेले." तेही खरे नाही. कपिल देव यांची ऑक्टोबर 2020 मध्ये अँजिओप्लास्टी झाली, जानेवारी 2021 मध्ये सौरव गांगुली यांची. तरुणपणी कमावलेले शरीर ही म्हातारपणाची मुदतठेव नव्हे, ते बचत खाते आहे, रोज थोडे भरावे लागते. हा दाखला बँकवाल्या साहेबांना फार आवडला.

सिनेमातले उदाहरण हवे असेल तर 'शोले' घ्या. 1975 साली ठाकूर रंगवणारे संजीवकुमार तेव्हा चाळिशीच्या आतले होते. पांढरे केस लावून त्यांनी कितीतरी म्हातारे रंगवले, पण स्वतः म्हातारे झालेच नाहीत. 6 नोव्हेंबर 1985 रोजी, 47 व्या वर्षी, हृदयविकाराने गेले. गब्बर झालेले अमजद खानही जुलै 1992 मध्ये हृदयविकारानेच गेले. पडद्यावर एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे खऱ्या आयुष्यात एकाच शत्रूने नेले, असे मी म्हटले तेव्हा कंपू पहिल्यांदाच अर्धा मिनिट गप्प बसला. मग अण्णांनी खिशातली विडी काढली, बघितली आणि परत ठेवली. बीडीच्या या गावात मी तंबाखूवर जास्त बोललो की लोकांना राग येतो. तरी एवढे सांगतो की विडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका साधारण निम्म्यावर येतो. सत्तरीत सोडली तरी फायदा होतो.

सिनेमाने काही आजार उगाच भयंकरही करून ठेवले आहेत. 'आनंद'मधला लिम्फोसार्कोमा हा तेव्हाचा शब्द. आज त्या गटातल्या आजारांना लिम्फोमा म्हणतात आणि त्यातले कित्येक प्रकार औषधांनी आटोक्यात येतात, काही पूर्ण बरे होतात. मानेत, काखेत न दुखणारी गाठ आली की "आनंदसारखं व्हायचं" म्हणून दडवून ठेवणारे रुग्ण मी पाहिले आहेत. दडवण्यातच घात आहे.

त्याहून गंमत 'मिली'ची. हृषिकेश मुखर्जींचाच हा 1975 चा सिनेमा. जया भादुरीला झालेला आजार पर्निशस ॲनिमिया, आणि शेवटी तिला उपचारासाठी स्वित्झर्लंडला नेतात. मास्तर तो प्रसंग सांगताना आजही सद्गदित होतात. मी त्यांना म्हटले, मास्तर, विमानाचे तिकीट काढायची गरजच नव्हती. या आजारात जठरातून बी-12 जीवनसत्त्व शोषले जात नाही. यकृत खाऊ घालून हा आजार सुधारतो हे शोधणाऱ्या तीन डॉक्टरांना 1934 सालीच नोबेल मिळाले होते, आणि 1948 साली बी-12 वेगळे काढल्यावर तर इंजेक्शनाने काम भागू लागले. आज ते इंजेक्शन कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते. मास्तर रागावले. "डॉक्टर, तुम्ही सिनेमा मारलात!"

सिनेमा मेला, पण मास्तरांचा फायदा झाला. ते जन्माचे शाकाहारी, मधुमेहाची मेटफॉर्मिन दहा वर्षे चालू, वर रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. तिन्ही गोष्टींनी बी-12 कमी होते. पायाच्या तळव्यांना मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखे वाटते, अंधारात तोल जातो, असे ते महिनाभर सांगत होते, आणि कंपू म्हणत होता "वय झालं". रक्त तपासले, बी-12 तळाला. इंजेक्शने घेतल्यावर दोन-तीन महिन्यांत बराच फरक पडला. भाकरी, डाळ, पालेभाजी यांत बी-12 नसते. दूध, दही, ताक यांत थोडे असते, अंडी, मासे, मटणात जास्त. साठीपुढच्या शाकाहारी माणसाने, त्यातही या गोळ्या चालू असतील तर, एकदा तपासून घ्यावे. नसा फार दिवस उपाशी राहिल्या तर नंतर पूर्ण भरून येत नाहीत.

'अमर अकबर अँथनी'मधला तो प्रसंग सर्वांना आठवत असेल. 1977 सालचा सिनेमा. तीन मुलांचे रक्त तीन नळ्यांनी एकदम आईच्या अंगात. रक्त तपासणे नाही, पिशवी नाही, आणि नळीतले रक्त चढते तेही वरच्या दिशेने! कंपूतल्या दोघांना मनापासून वाटत होते की नातेवाइकाचेच रक्त चांगले. तसे काही नाही. रक्त गट जुळवून आणि एचआयव्ही, कावीळ बी व सी, गुप्तरोग, मलेरिया यांची तपासणी करूनच द्यायचे असते, मग ते कोणाचेही असो. दात्याची वयोमर्यादा 65 असल्याने कंपूपैकी आता कोणाचेच चालत नाही. अण्णांना याचे फार वाईट वाटले.

एका सिनेमाबद्दल मात्र सोलापूरकर म्हणून आमच्यात एकमत आहे. व्ही. शांताराम यांचा 1946 चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. द्वारकानाथ कोटणीस 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात जन्मले, 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले, अवघ्या 32 व्या वर्षी. कशाने? अपस्माराने, म्हणजे फिट्सने. रणांगणावर शेकडो शस्त्रक्रिया करणाऱ्या आपल्या गावच्या या डॉक्टरला फिट्स येत होत्या, ही गोष्ट ज्यांच्या घरी फिट्सचा रुग्ण आहे त्यांना मी मुद्दाम सांगतो. लग्नाच्या बाजारात हा आजार अजून लपवतात, आणि गोळ्याही लपूनछपून, म्हणून अर्धवट घेतात.

म्हातारपणीही फिट येऊ शकते. अर्धांगवायूनंतर, डोक्याला मार लागल्यावर, साखर फार उतरल्यावर. मैदानावर कोणाला आली तर चप्पल हुंगवू नका, कांदा फोडू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आसपासचे दगड-काठ्या बाजूला करा, डोक्याखाली शर्टाची घडी ठेवा, माणसाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लगेच दुसरी आली तर रुग्णवाहिका. माणूस पडला, हाका मारून हलत नाही आणि नीट श्वासही घेत नाही, तर ती फिट नव्हे, हृदय थांबले आहे. तिथे तोंडावर पाणी मारण्यात वेळ न घालवता छातीच्या मध्यावर दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन इंच खोल, जोरात दाबत राहायचे. 108 ला दुसऱ्याने फोन करावा. कंपूतल्या सर्वांनी हे एका रविवारी उशीवर करून पाहिले. दोन मिनिटांत अण्णा सोडून सगळे दमले, म्हणून आळीपाळीने करायचे ठरले.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट राहिली. 'संगम' आणि 'मेरा नाम जोकर' या सिनेमांना दोन मध्यंतरे होती. त्यावर साहेब म्हणतात, "तेव्हा दोन पुरत होती, आता दर अर्ध्या तासाला मध्यंतर लागतं." सगळे हसतात, कारण सगळ्यांचे तेच आहे. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने लघवीची धार बारीक होते, रात्री तीनचार वेळा उठावे लागते, थेंब थेंब राहते. यावर चांगली औषधे आहेत. लाजेने पाणी पिणे कमी करू नये, आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात तर नाहीच. संध्याकाळनंतरचा चहा कमी करावा. लघवीत रक्त दिसले किंवा ती अचानक अडली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे, दिवा लावावा, मग चालावे. या वयात खुब्याची हाडे बरीचशी बाथरूमच्या वाटेवर मोडतात.

साहेबांनी परवा विचारले, मी आता सामना बघू का? मी म्हटले, जरूर बघा, पण एकटे बघू नका. गोळ्या टॉसच्या आधी घ्या. दर अर्ध्या तासाने उठून खोलीतल्या खोलीत चाला, भज्यांऐवजी मूठभर बिनमिठाच्या शेंगा खा, छातीत जडपणा आला तर "संपल्यावर बघू" म्हणू नका. आणि मास्तरांना अशा जागी बसवा, जिथून त्यांना टीव्हीही दिसेल आणि तुमचे कपाळही. मास्तरांची यावर एकच तक्रार आहे, की अंतिम सामन्याला तरी ही ड्यूटी अण्णांना लावावी.